साक्षीदाराचे हात

नगर,
आगमनकाळाचा पहिला आठवडा

चि. बाळास आत्याचा सप्रेम सलाम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नाताळच्या सकाळच्या उपासनेत यंदा उपदेश तू करायचास असं पाळकांनी ठरवलं, हे वाचून फार बरं वाटलं. पत्राच्या शेवटी तू जी काळजी लिहिलीस, तिच्याविषयी आज सविस्तर लिहिते. तू म्हणतोस, देव माणूस झाला हे मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, तर ते आधी सिद्ध करता आलं पाहिजे. ऑफिसातले मित्र विचारतात, आणि दिवे मालवल्यावर तूही स्वतःला तेच विचारतोस.

सिद्ध करायला जाऊ नकोस. प्रेषित योहानाने ते केलेलं नाही. तो साक्षीदार होता, आणि साक्षीदाराचं काम वेगळं असतं. आपण कुठे उभे होतो, काय ऐकलं, काय पाहिलं, एवढं त्याने प्रामाणिकपणे सांगायचं. योहानाचं पहिलं पत्र काढ आणि सुरुवातीच्या ओळी मोठ्याने वाच. जे आरंभापासून आहे त्याच्याविषयी तो बोलतो आहे, म्हणजे याहून मोठा विषय नाही. पण पुरावा म्हणून पुढे काय ठेवतो? आम्ही ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं, निरखून बघितलं आणि हातांनी चाचपलं. कानांपासून निघून तो हातांपाशी येऊन थांबतो. मासळीची जाळी ओढलेले ते हात होते. गालीलच्या सरोवरावर जब्दीच्या नावेत वाढलेला हा माणूस. पेत्राला आणि त्याला यरुशलेमच्या अधिकाऱ्यांनी अशिक्षित ठरवलं होतं, हे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेलंच आहे.

योहानाच्या नावावरच्या शुभवर्तमानात येशूशी पहिली भेट कशी सांगितली आहे तेही बघ. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे दोन शिष्य येशूच्या मागे निघतात, त्याचा मुक्काम कुठे आहे ते विचारतात आणि त्या दिवशी त्याच्याकडेच राहतात. एक आंद्रिया, दुसऱ्याचं नाव दिलेलं नाही, तो योहानच असं मंडळीने फार पूर्वीपासून मानलं. त्या मुक्कामात काय बोलणं झालं याचं एक अक्षर नाही. फक्त वेळ दिली आहे. दहावा तास होता, म्हणजे दुपारचे साधारण चार. मला ही नोंद फार मोलाची वाटते. आयुष्य पालटणाऱ्या दिवशी ऊन कुठवर आलं होतं हे माणूस म्हातारपणीही विसरत नाही. तुझ्या उपदेशात असा एखादा तास येऊ दे.

आता हा योहान मुळात कसा होता ते लक्षात घे, नाहीतर तू त्याला चित्रातल्यासारखा कोवळा, शांत करून टाकशील. येशूने त्याला आणि त्याच्या भावाला, याकोबाला, गर्जनेचे पुत्र म्हटलं होतं ते उगाच नव्हे. शोमरोनी लोकांच्या एका गावाने येशूला उतरायला जागा दिली नाही, तेव्हा या दोघा भावांनी काय विचारलं? आकाशातून अग्नी पाडून गाव भस्म करू का! लूकच्या नवव्या अध्यायात आहे. देवाचा मान राखायचा तर माणसं जाळली तरी चालतील, असं त्यांना त्या दिवशी वाटलं. येशूने त्यांना धमकावलं आणि सगळे दुसऱ्या गावी गेले.

पुढे काही वर्षांनी, येशूच्या मरणानंतर आणि पुनरुत्थानानंतर, शोमरोनात लोकांनी वचन स्वीकारल्याची बातमी यरुशलेमला आली. तेव्हा प्रेषितांनी ज्या दोघांना तिकडे धाडलं त्यांत एक योहान होता. गेला आणि त्याच शोमरोनी लोकांच्या डोक्यांवर त्याने हात ठेवले. परतताना तर त्यांच्या गावोगावी सुवार्ता सांगत आला. अग्नी मागण्याच्याही आधीचा एक प्रसंग त्याच्यापाशी होता. दुपारच्या उन्हात सुखार गावच्या विहिरीवर दमून बसलेला येशू. ज्यांच्या भांड्यातलं पाणी यहुदी घेत नसत, त्यांच्यातल्या एका बाईकडे प्यायला पाणी मागणारा येशू. तो प्रसंग चार शुभवर्तमानांपैकी फक्त योहानाच्या नावावरच्या शुभवर्तमानात आहे, चौथ्या अध्यायात. देव माणूस झाला याची माझी पहिली साक्ष तीच. तो थकला, आणि ज्यांच्यावर पुढे अग्नी पाडायची शिष्यांना इच्छा झाली त्यांच्याकडेच त्याने पाणी मागितलं.

आता इफिसचं सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. जुन्या परंपरेप्रमाणे योहान उतारवयात आशियातल्या इफिस शहरी राहिला. सम्राट त्रायान 98 साली गादीवर आला, तोवर तो हयात होता असं दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक इरेनियस लिहितो. त्या भागातल्या मंडळ्यांत तेव्हा एक शिकवण पसरत होती. देव शुद्ध आणि देह मळका, तेव्हा देव खरोखर देहात येणं शक्यच नाही, असं तिचं म्हणणं. केरिंथ नावाचा एक शिक्षक सांगे, वरचा ख्रिस्त बाप्तिस्म्याच्या वेळी येशू नावाच्या माणसावर उतरला आणि दुःखं सुरू होण्याआधी त्याला सोडून वर निघून गेला. म्हणजे वधस्तंभावर राहिला तो एक सामान्य माणूस. देवाला काही इजा झाली नाही. ऐकायला ही शिकवण सोज्ज्वळ वाटते, देवाचा मान राखल्यासारखी. ती ऐकणारे काही लोक मंडळीतून बाहेरही पडले होते, पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याचा उल्लेख आहे.

योहानाचं उत्तर वाच. येशू ख्रिस्त केवळ पाण्याने आला नाही, रक्तानेही आला, असं तो पाचव्या अध्यायात बजावतो. यार्देनच्या पाण्यात जो होता तोच वधस्तंभावरही होता. मधूनच कोणी सोडून गेलं नाही.

या मुद्द्यावर थोडं थांब, कारण तुझा सगळा उपदेश याच्यावर उभा राहू शकतो. शुभवर्तमानात केवढे प्रसंग आहेत! कानाच्या लग्नात दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस झाला. जन्मांध माणसाला दिसू लागलं. चार दिवस कबरेत असलेला लाजर बाहेर आला. या एकाही ठिकाणी लेखक मध्येच थांबून शपथेवर सांगत नाही की हे मी स्वतः पाहिलं. तो थांबतो एका वेगळ्याच जागी. येशू मेलेला आहे. शिपाई त्याच्या कुशीत भाला खुपसतो आणि रक्त व पाणी बाहेर येतं. तिथे गोष्ट अडवून तो सांगतो की हे ज्याने पाहिलं त्यानेच साक्ष दिली आहे आणि ती खरी आहे. सगळा जोर त्याने त्या जखमेपाशी खर्च केला. रक्त आणि पाणी का आलं याची कारणं डॉक्टर लोक देतात. त्यात शिरू नकोस, लेखकाला ते सांगायचं नव्हतं.

आणखी एक गोष्ट. डोंगरावर येशूचं रूपांतर झालं, चेहरा सूर्यासारखा तेजाळला, तेव्हा बरोबर तिघेच होते: पेत्र, याकोब आणि योहान. मत्तय, मार्क, लूक तिघांनीही ते लिहिलं आहे. पण योहानाच्या नावावरच्या शुभवर्तमानात तो प्रसंग नाहीच! आम्ही त्याचा गौरव पाहिला असं पहिल्याच अध्यायात म्हटलं आहे, आणि मग तो गौरव दाखवायला वाचकाला डोंगरावर नेलेलं नाही. नेलं आहे विहिरीवर, लाजराच्या कबरेपाशी, जिथे येशू रडला, शिष्यांचे पाय धुतलेल्या त्या माडीवर, आणि वधस्तंभाखाली. तुला नाताळच्या दिवशी देवाचं वैभव सांगायचा मोह होईल. तारे, देवदूत, राजे. आवर त्याला.

वधस्तंभावर येशूने तहान लागल्याचं सांगितलं, तेही योहानच सांगतो. मी इतकी वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात काम केलं, शेवटच्या घटका मोजणारी माणसं पाहिली. त्यांचे ओठ कोरडे पडतात, जीभ टाळूला चिकटते, आणि जवळचं माणूस ओल्या कापसाचा बोळा त्यांच्या ओठांवर फिरवतं. त्या दिवशी तिथे आंबट द्राक्षारसात बुडवलेला बोळा काठीने वर दिला गेला. ज्याने रांजण भरवले त्याला ते मिळालं. मला या गूढाचा अर्थ सांगता येत नाही, पण कोरडे ओठ मी ओळखते, आणि देव तिथपर्यंत आला एवढं मला पुरतं.

तुझे मित्र विचारतील, याने फरक काय पडतो? देहाने आला काय किंवा नुसता भासला काय? याचं उत्तर अंत्युखियाचा बिशप इग्नाटियस देतो. दुसऱ्या शतकाच्या आरंभी त्याला पहाऱ्यात रोमला नेत होते, हिंस्र पशूंपुढे टाकायला. वाटेत त्याने मंडळ्यांना पत्रं लिहिली. स्मुर्णाच्या मंडळीला लिहिताना ख्रिस्ताने केवळ भासापुरतंच दुःख सोसलं म्हणणाऱ्यांची एक खूण तो सांगतो. या लोकांना विधवेची पर्वा नसते, पोरक्याची नसते, बंदिवानाची नसते, भुकेल्या-तहानेल्याची नसते. विचारात एक चूक आणि परिणाम असा! पण मला त्यात नवल वाटत नाही. देवाच्या देहाला किंमत नाही म्हटलं की शेजाऱ्याच्या देहालाही उरत नाही. योहानाने हेच आधी सांगून ठेवलं होतं. जवळ संसाराची साधनं असून गरजवंत भावापुढे जो काळीज बंद करतो, त्याच्यात देवाची प्रीती कशी राहील, असं तो विचारतो. दिसणाऱ्या भावावर प्रीती नाही, तर न दिसणाऱ्या देवावर कुठून येणार? पहिल्या पत्राचा तिसरा आणि चौथा अध्याय एका बैठकीत वाच.

आपल्या घरातलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं घे, पण नीट अभ्यासून घे. नुसतं नाव घेऊन पुढे जाऊ नकोस. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ज्या धर्मभगिनींकडे त्या राहत होत्या, त्यांचं लंडनच्या फुलम भागात एक घर होतं. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तिथे आधार मिळे. आपल्याकडे ज्यांच्या सावलीलाही कोणी उभं राहिलं नसतं, त्यांची इतक्या मायेने सेवा होते हे पाहून रमाबाई चकित झाल्या. हे का करता, असं त्यांनी विचारलं. त्या भगिनीने वाद केला नाही, सिद्धान्त सांगितला नाही. योहानाचा चौथा अध्याय, शोमरोनी बाईची गोष्ट, वाचून दाखवली. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं आहे की भारतातल्या पायदळी पडलेल्या स्त्रीला उचलू शकेल असा हाच एक तारणारा, हे त्यांना तिथे कळलं. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आणि हे तुझ्यासाठी मुद्दाम सांगते. बाप्तिस्म्यानंतरही त्यांच्या शंका संपल्या नव्हत्या. 1885 च्या सुमारास त्यांनी इंग्लंडमधल्या, त्यांना गुरुस्थानी असलेल्या धर्मभगिनीला लिहिलेली पत्रं छापलेली आहेत. त्र्यैक्य, ख्रिस्ताचं देवपण, मतांगीकार यांवर त्या चांगल्या निर्भीडपणे भांडल्या आहेत. समाधान झालं म्हणून त्यांनी कोणाच्या दबावाने लिहून दिलं नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्त खऱ्या अर्थाने भेटला, असं त्या सांगतात. तोवर त्यांचं विधवांसाठीचं शारदा सदन सुरू झालं होतं. पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी हाडं उरलेल्या मुली केडगावला आणल्या, त्यांना न्हाऊ घातलं, जेवू घातलं, शिकवलं. कृपासदन उभं राहिलं ते फुलमच्याच वाटेने. आणि आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्यात घालवली, 1922 च्या एप्रिलमध्ये डोळे मिटेपर्यंत. तुझी शंका हे अविश्वासाचं लक्षण आहे असं समजू नकोस. मात्र शंका फिटेपर्यंत हात बांधून बसूही नकोस.

मित्रांचा दुसरा प्रश्न तू लिहिलास, की देव अवतार घेतो हे आम्हीही मानतो, मग तुमचं काय निराळं? याच्यावर वाद घालू नकोस आणि त्यांच्या श्रद्धेला कमी तर मुळीच लेखू नकोस. आपली भक्तीची भाषा त्याच अंगणातली आहे. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सने 1616 मध्ये ख्रिस्तपुराण छापलं ते मराठी ओवीत. रेव्हरंड टिळक म्हणत, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मित्रांना फक्त योहानाने जे पाहिलं ते सांग. एका आईचा मुलगा, एका गावचा, एकदाच जन्मला, दमला, रडला, मेला. आणि उठल्यावरही जखमा पुसल्या गेल्या नाहीत. आठ दिवसांनी थोमाला त्याच दाखवल्या. तुलना त्यांची त्यांना करू दे.

ते शुभवर्तमान खरंच योहानाने लिहिलं का, असंही तू विचारतोस. ज्या शिष्यावर येशूची प्रीती होती त्याचं नाव त्यात कुठेच नाही, हे खरं. विद्वानांत मतभेद आहेत, तेही खरं. व्यासपीठावरून ते लपवू नकोस आणि त्याचा फापटपसाराही मांडू नकोस. इतकं सांग: इरेनियसने लहानपणी स्मुर्णाच्या पोलिकार्पला ऐकलं होतं, आणि पोलिकार्पने योहानाला ऐकलं होतं असं तो सांगतो. मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा आहे, तळहाताहून लहान, मिसरमधून आलेला. 1935 मध्ये तो प्रसिद्ध झाला. बहुतेक अभ्यासक तो दुसऱ्या शतकातला मानतात. त्यावर योहानाच्या अठराव्या अध्यायातल्या काही तुटक ओळी आहेत, पिलातापुढच्या चौकशीच्या. त्यातच येशूचं ते उत्तर येतं की मी जन्मलो आणि जगात आलो ते साक्ष देण्यासाठी. नाताळच्या उपदेशाला याहून जुना कागद तुला कुठे मिळणार?

अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने सांगितलेली एक हकीकतही तुझ्याजवळ असू दे. योहानाने एका तरुणाला एका बिशपच्या हवाली केलं होतं. बिशपने बाप्तिस्म्यानंतर लक्ष काढून घेतलं आणि तो मुलगा बिघडून दरोडेखोरांचा नाईक झाला. योहान परत आला, त्याने हिशेब मागितला, आणि घोड्यावर बसून थेट डोंगरात गेला. त्याला पाहून तो तरुण लाजेने पळू लागला, आणि हा म्हातारा वय विसरून त्याच्या मागे धावला. तरुण रडला, पण उजवा हात लपवून उभा राहिला, कारण त्या हाताने खून केले होते. योहानाने तोच हात ओढून घेतला आणि त्याचं चुंबन घेतलं. एके काळी गाव जाळायला निघालेला हाच तो योहान.

आता कामाचं. उपदेश पंधरा-वीस मिनिटांपलीकडे नेऊ नकोस. मंडळीत लेकुरवाळ्या असतात आणि घरी सैंपाक खोळंबलेला असतो. निकेया आणि खल्केदोन या धर्मसभांची नावं तुला येतात ते मला माहीत आहे. पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य हे 451 साली खल्केदोनला ठरलेले शब्द नेमके आहेत, त्यांना मी मान देते. पण त्यांनी सुरुवात करू नकोस. आधी विहीर सांग, मग वधस्तंभ, आणि मग ते शब्द आले तर लोकांना कळतील. शास्त्रपाठ म्हणून शुभवर्तमानाचा नेहमीचा पहिला अध्याय असेलच. त्याच्याबरोबर पहिल्या पत्रातली सुरुवातीची चार वचनं वाचायला पाळकांची परवानगी माग.

उपासना संपल्यावर केक-फराळात रेंगाळू नकोस. अंथरुणाला खिळलेल्यांकडे प्रभुभोजन घेऊन पाळक दुपारी जातात, त्यांच्याबरोबर जा. त्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर ते एकटेच निघतील. कोणाला उठवून बसवावं लागलं तर खांद्यांमागे हात घालून पाठीला आधार दे, मनगट धरून ओढू नकोस. खांदा निखळतो.

मसुदा पंधरा तारखेच्या आत पाठव. तुझ्या आईबाबांना सलाम सांग.

तुझी,
आत्या